बाकीतून निघालेला काठ

एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने संकल्पचित्र काढलेलं असतं. चौकोन आखायचा, त्याचे आडवे-उभे भाग पाडायचे, एका भागात पान किंवा मासा बसवायचा आणि तोच आकार बाकीच्या घरांत उलटा, आडवा, आरशातल्यासारखा फिरवत न्यायचा. शेवटच्या अर्ध्या तासात तोच मासा पुन्हा पुन्हा रंगवताना हात भरून येतो आणि कोपऱ्यातले मासे हमखास बारीक होतात.

ब्रह्मपुरीतून ही परीक्षा देऊन आता डिझाइनला प्रवेश घेतलेली एखादी मुलगी पहिल्यांदा ऐकते, की चित्र कोड लिहूनही काढतात. तिला वाटतं, हे काम इंजिनिअरिंगवाल्यांचं. आपलं गणित बेताचं. हे प्रकरण तिच्यासाठी आहे. कोडमधून चित्र काढणं म्हणजे संकल्पचित्राचाच पुढचा वर्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. वहीवर काम करताना नियम डोक्यात असतो आणि अडलं तिथे हात सांभाळून घेतो. कोडमध्ये नियम पूर्ण लिहून द्यावा लागतो, कारण सांभाळून घेणारा हात तिथे नसतो. सगळी अडचण याच एका गोष्टीची आहे, आणि गंमतही याच गोष्टीची. सुरुवात करायला आलेखाची वही पुरते.

नियमाने नक्षी काढण्याची विद्या या मुलुखाला नवी नाही. विदर्भातल्या या झाडीपट्टीत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसले जातात. ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या हे काम करत आली आहेत. टसरच्या धाग्यातून विदर्भातले विणकर करवत काठी साडी विणतात. साडीचं अंग टसरचं, काठ सुती आणि दोन्हींच्या सीमेवर करवतीच्या दातांची रांग. हे दात छापलेले नसतात आणि मागाहून भरलेलेही नसतात. मधल्या अंगासाठी एक धोटा आणि दोन बाजूंच्या काठांसाठी दोन, असे तीन धोटे चालतात. अंगाचा धागा आणि काठाचा धागा जिथे भेटतात, तिथे ते एकमेकांत अडकवून परत फिरवले जातात. ही भेटीची जागा ओळीगणिक सरकते. जागा सरकत जाते म्हणून दात तयार होतो.

आता आलेखाची वही काढा. प्रत्यक्ष मागावरचा हिशेब याहून बारीक असतो, पण तत्त्व समजायला एवढं पुरेल. डाव्या कडेपासून घरं रंगवायची. पहिल्या ओळीत २, दुसरीत ४, तिसरीत ६, असं करत सहाव्या ओळीत १२. तिथे दाताचं टोक आलं. सातव्या ओळीपासून उलट: १०, ८, ६, ४, २ आणि बाराव्या ओळीत शून्य. तेराव्या ओळीला पुन्हा २. पान भरेपर्यंत हेच. चार-पाच दात झाले की नक्षी दिसायला लागते.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा: शंभराव्या ओळीत किती घरं रंगतील? मधल्या ओळी न काढता उत्तर सांगता आलं पाहिजे. इथे प्राथमिक शाळेतला भागाकार कामाला येतो. नक्षी दर १२ ओळींनी परत येते, म्हणून १०० ला १२ ने भागा आणि भागाकार सोडून द्या. बाकी उरली ४. बाकी ६ किंवा कमी असेल तर तिची दुप्पट. ६ पेक्षा जास्त असेल तर १२ मधून बाकी वजा करून त्याची दुप्पट. म्हणजे शंभराव्या ओळीत ८ घरं. पाचशेव्या ओळीलाही ५०० भागिले १२, बाकी ८. १२ वजा ८ म्हणजे ४, त्याची दुप्पट ८. साडीची लांबी कितीही असो, काठ या दोन वाक्यांत मावला.

हीच दोन वाक्यं संगणकाला कळणाऱ्या भाषेत लिहिली, की झाला कोड. ‘ओळ शून्यापासून सुरू कर, दर वेळी एकाने वाढव, शेवटापर्यंत जा’ या सूचनेला लूप म्हणतात. ‘बाकी ६ पर्यंत असेल तर हे, नाहीतर ते’ ही झाली अट. आणि बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह असतं. दोन आकड्यांच्या मध्ये ते ठेवलं की भागाकार टाकून बाकी हाती येते. लूप, अट आणि बाकी. जगातल्या काठांच्या, फरशांच्या, जाळ्यांच्या नक्षीचा मोठा भाग एवढ्या सामानात बसतो.

एक बदल करून पाहा. अट काढून टाका आणि सरळ बाकीची दुप्पट घ्या. आता घरं ० पासून २२ पर्यंत वाढत जातील आणि एकदम शून्यावर येतील. त्रिकोणी दातांऐवजी एका बाजूला कललेले, खऱ्या करवतीसारखे दात मिळतील. वहीवर हा बदल करायचा तर अख्खं पान नव्याने रंगवावं लागलं असतं. कोडमध्ये एक ओळ पुसली. कोड शिकण्यामागचं खरं कारण मला हेच वाटतं. नक्षी लवकर होते हा फायदा आहेच, पण दहा नक्ष्या शेजारी ठेवून त्यांतली एक निवडता येते, हा त्याहून मोठा.

यासाठी लागणारी साधनं फुकट आहेत. केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये २००१ साली ‘प्रोसेसिंग’ हे साधन सुरू केलं, ते चित्रकार आणि डिझायनर यांनाच डोळ्यांपुढे ठेवून. त्याचाच ब्राउझरमध्ये चालणारा अवतार म्हणजे लॉरेन मॅकार्थी यांनी सुरू केलेलं ‘पी-फाइव्ह जेएस’. त्याचा एडिटर ब्राउझरमध्ये उघडतो. तो मोबाइलवरही चालतो, पण मोबाइलवर कंस आणि स्वल्पविराम टाइप करण्यात जीव जातो, तेव्हा साधासा संगणक मिळाला तर बरं. नेट भरवशाचं नसेल तर लायब्ररीची फाइल एकदा उतरवून घ्या आणि नोटपॅडमध्ये लिहा. चित्र ब्राउझरमध्ये नेटशिवाय दिसतं.

एडिटर उघडला, की ४०० बाय ४०० पिक्सेलचा करडा चौकोन मिळतो. पहिल्याच दिवशी दोन ठिकाणी अडायला होतं, म्हणून आधीच सांगतो. शाळेतल्या आलेखात शून्य खाली डावीकडे असतं आणि वर जाताना आकडा वाढतो. इथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि खाली येताना आकडा वाढतो. दुसरं, कोन अंशांत दिलात तर आकार भलताच फिरतो, कारण हे साधन कोन मुळात रेडियन या दुसऱ्या एककात मोजतं. अंश हवे असतील तर तसं आधी सांगावं लागतं. दोन्ही गोष्टी कळल्या की अर्धी भीती जाते.

‘पण हे यंत्राने काढलेलं चित्र झालं,’ असं कोणी म्हणालं तर त्याला अकबर पदमसी यांचं नाव सांगा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आलेले मुंबईचे हे मोठे चित्रकार. १९६९ साली नेहरू फेलोशिप मिळाल्यावर त्यांनी ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले यांनी एकत्र येऊन प्रयोग करावेत, ही त्यामागची कल्पना. तेव्हा अगदी तरुण असलेल्या चित्रकार नलिनी मालानीही तिथे काम करत होत्या. तिथे पदमसींनी ‘सिझिजी’ नावाचा अकरा मिनिटांचा मूक, कृष्णधवल ॲनिमेशनपट केला. त्यासाठी त्यांनी अंकांची एक पद्धत ठरवली आणि बिंदू व रेषा त्या पद्धतीने जोडत हजाराच्या घरात रेखाटनं कागदावर काढली. संगणक नव्हता. नियम होता आणि तो पाळणारा हात होता. कोडमधल्या चित्राचा आपल्याकडचा मूळपुरुष शोधायचा तर मी याच फिल्मपाशी जाऊन थांबेन, आणि कलाशिक्षणात तिची ओळख फार उशिरा होते, याचं मला वाईट वाटतं.

पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार नेमकं हेच करत होत्या. १९२४ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या या चित्रकर्तीने १९५९ पासून ‘काल्पनिक यंत्र’ मनात धरून काम केलं: नियम लिहायचा आणि आपण स्वतः यंत्र असल्यासारखा हाताने पाळायचा. खरा संगणक त्यांना १९६८ मध्ये वापरायला मिळाला, तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. फोरट्रान ही भाषा त्या तेव्हा शिकल्या. चौकोनांची शिस्तबद्ध जाळी घ्यायची आणि तिच्यात जेमतेम एक टक्का बेशिस्त सोडायची, हा त्यांचा आवडता प्रयोग. २०२३ च्या डिसेंबरमध्ये, शंभरी गाठायला महिना राहिला असताना त्या गेल्या. वय झालं, आता कुठे शिकणार, असं म्हणणाऱ्या कलाशिक्षकांनी त्यांचं काम जरूर पाहावं.

ही बेशिस्त आणायची कशी, ते जॉर्ज नेस यांच्या एका चित्रातून फार छान कळतं. नेस जर्मनीत सीमेन्स कंपनीत काम करणारे गणिती. संगणकाने काढलेल्या रेखाटनांचं त्यांचं प्रदर्शन १९६५ च्या फेब्रुवारीत स्टुटगार्टमध्ये भरलं. या प्रकारच्या अगदी पहिल्या प्रदर्शनांत त्याची गणना होते. त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र ‘शॉटर’, म्हणजे गिट्टी. आडवे १२ आणि उभे २२ असे २६४ चौकोन. वरच्या ओळी फरशी बसवावी तशा सरळ. खाली येताना चौकोन किंचित हलतात, मग कलतात, मग एकमेकांवर चढतात आणि तळाशी नुसता राडा.

हे चित्र स्वतः काढून बघा. शिकण्यासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही. लूपच्या आत लूप: बाहेरचा ओळी मोजतो, आतला त्या ओळीतले चौकोन. प्रत्येक चौकोन काढण्याआधी संगणकाकडून एक यादृच्छिक आकडा मागायचा, उणे एक ते अधिक एक यांच्या मधला कोणताही. त्याला ओळीच्या क्रमांकाने गुणायचं आणि जो येईल तेवढ्या प्रमाणात चौकोन फिरवायचा. दुसरा आकडा मागून तेवढा सरकवायचा. पहिल्या ओळीचा क्रमांक शून्य, म्हणून गुणाकार शून्य, म्हणून चौकोन सरळ. एकविसाव्या क्रमांकाला तोच लहान आकडा एकवीसपट होतो. शिस्तीतून गोंधळाकडे जाणारी ती सगळी उतरण एका गुणाकाराने साधली आहे. शून्य वर आणि मोठे आकडे खाली, ही मघाची उफराटी मोजणी इथे बरोबर पथ्यावर पडते.

चित्र चालवलं, की सगळे चौकोन थरथरायला लागतील. घाबरायचं नाही. पी-फाइव्ह एकच चित्र सेकंदाला साठेक वेळा नव्याने काढतं, आणि प्रत्येक वेळी आकडे नवे पडतात. ‘एकदाच काढ’ अशी एक सूचना असते, ती दिली की चित्र स्थिरावतं. त्यासोबत बीज द्यायची सवय लावा. बीज म्हणजे तुम्ही ठरवलेला एक आकडा. तो दिला की यादृच्छिक आकड्यांची तीच मालिका दर वेळी मिळते. आज आवडलेलं चित्र उद्या हुबेहूब परत काढायचं तर बीज लिहून ठेवलेलं पाहिजे. एकामागून एक बीजं बदलून पाहा, बहुतेक चित्रं सामान्य निघतील, एखादंच डोळ्याला धरून ठेवेल. ते ओळखणारा डोळा कोड देत नाही. तो वस्तुचित्राच्या तासाला तयार झालेला असतो.

यादृच्छिक आकड्यांची एक मर्यादा आहे: ते उड्या मारतात. धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, काढायचा म्हटला तर प्रत्येक बिंदूला नवा आकडा मागून चालणार नाही. रेषा काटेरी होईल. धुरा वळतो, पण त्याचा प्रत्येक बिंदू शेजारच्या बिंदूच्या आसपासच असतो. यावरचा उपाय केन पर्लिन यांनी १९८३ मध्ये काढला. ‘ट्रॉन’ या चित्रपटावर काम करताना संगणकी चित्रांचा गुळगुळीत, निर्जीव पृष्ठभाग त्यांना खटकत होता. त्यांनी शोधलेल्या ‘नॉइज’मधून येणारे आकडे हळूहळू वर-खाली होतात. त्याबद्दल १९९७ मध्ये त्यांना ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ढग, डोंगर, पाणी, धूर यांची चित्रं आज याच युक्तीवर उभी आहेत. मात्र एक सावधगिरी. नॉइजवर वाहणाऱ्या हजारो रेषांचं चित्र पहिल्या आठवड्यातच जमतं, सुंदर दिसतं आणि जगभर सगळ्यांचं सारखंच दिसतं. तिथे रमू नये.

त्याऐवजी आपल्या गावचे आकडे घ्या. पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाची किती दारं किती मीटरने उघडली, ही बातमी वैनगंगेच्या काठावर सगळे कान देऊन ऐकतात. २०२० च्या ऑगस्टअखेरच्या पुरात ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं, ते आठवणारे विद्यार्थी आज कॉलेजात आहेत. धरणाला ३३ दारं आहेत. ३३ उभ्या रेषा काढा. दार जेवढं उघडलं तेवढी रेषा जाड. एका दिवसाची एक ओळ, पावसाळाभराच्या ओळी एकाखाली एक. आकडे वर्तमानपत्रातून रोज टिपून घ्यायचे. हे चित्र जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल.

पोटापाण्याचाही विचार हवा. वैनगंगेपलीकडे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला, की एकच नाटक आज या गावात तर उद्या त्या गावात. प्रत्येक प्रयोगाचं पोस्टर वेगळं, पण बदलतं काय? गाव, तारीख, मंडळाचं नाव. मांडणी एकदा नीट करून ठेवली आणि गावांची यादी एका फाइलमध्ये दिली, तर हंगामाची सगळी पोस्टरं कोड एका बैठकीत काढून देतो. कलाकारांचे चेहरे कुठे, नाव किती मोठं, हे डिझायनरने ठरवायचं. उरलेली हमाली यंत्राची.

इथे देवनागरीचा प्रश्न येतो. ‘ब्रह्मपुरी’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो: ब्र, ह्म, पु, री. संगणकाच्या हिशेबी त्याचे दहा तुकडे असतात, कारण हलन्त, उकार आणि वेलांटी तो सुटी मोजतो. इंग्रजी धड्यातला ‘एकेक अक्षर वेगळं नाचवा’ हा प्रयोग मराठीवर तसाच केला, तर काना-मात्रा व्यंजनांपासून तुटून भलतीकडे भिरभिरतात. अक्षरं अखंड ठेवायची तर शब्द कुठे तोडायचा ते आपणच यादी करून द्यावं, हा सर्वांत साधा मार्ग. उलट एक सोयही आहे. कोडमधल्या आपल्या चलराशींना नावं मराठीत देता येतात. ‘ओळ’, ‘बाकी’, ‘दात’, ‘सरक’ अशी नावं दिलेला कोड बिनतक्रार चालतो. आकडे तेवढे इंग्रजीच लिहावे लागतात आणि साधनाच्या मूळ सूचनाही इंग्रजीच राहतात. नवशिक्यांनी नावं मराठीत द्यावीत, असा माझा आग्रह आहे; कोणती ओळ काय करते हे महिन्याभरानेही वाचून कळतं.

संगणकावर देवनागरी सुखाने वाचता येते, यामागे एका मराठी कलावंताचं आयुष्य आहे. र. कृ. जोशी हे जे. जे.चे विद्यार्थी, जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक, कवी आणि सुलेखनकार. १९८३ पासून त्यांनी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलं. टाक आणि बोरू यांवर हात बसलेला हा माणूस संगणकतज्ज्ञांच्या शेजारी जाऊन बसला आणि अक्षराची वळणं यंत्राला कशी सांगायची, याचा विचार करत राहिला. भारतीय लिप्यांचे टाइप घडवण्यासाठीचं ‘विन्यास’ हे साधन त्यातून उभं राहिलं. तहसील कचेरीपासून सायबर कॅफेपर्यंत विंडोजवर वर्षानुवर्षं दिसत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. २००८ मध्ये ते गेले. चित्रकाराने कोडच्या वाट्याला जावं का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे असं रोज डोळ्यांसमोर होतं.

आजचे विद्यार्थी आणखी एक गोष्ट विचारतात: वाक्य लिहिलं की एआय चित्र काढून देतो, मग हे कष्ट कशाला? तिथे चित्र मिळतं, पण अमुक रेषा तिथेच का आली, हे सांगता येत नाही आणि हवी तेवढीच ती हलवताही येत नाही. करवतीच्या दाताचा कोड लिहिलेल्या मुलीला पाचशेव्या ओळीत किती घरं आहेत, हे ठाऊक असतं. डिझायनर म्हणून उभं राहायचं तर ही पकड लागते. पुढे नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात जा, ‘यूसीड’ ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीच्या डिझाइन शाखेत जा किंवा ब्रह्मपुरीतच राहून कामं करा, ती पकड सगळीकडे उपयोगी पडेल.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सूचना. काठाचा नियम दोन वाक्यांत मावतो, म्हणून तो उचलून पॉलिस्टरवर छापणंही सोपं झालं आहे. ‘करवत काठी’ साड्या आणि कापडाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. १९९९ च्या कायद्याने ते नाव इथल्या विणकरांच्या मालासाठी राखलेलं आहे. छापील कापड त्या नावाने विकणं बेकायदा आहे, आणि तसं नसतं तरी ते विणकराच्या ताटातलं काढून घेणं ठरलं असतं. नक्षीचा अभ्यास जरूर करा, तिच्यावरून नवं काही जरूर रचा, पण त्याला नाव आपलं स्वतःचं द्या. आणि स्क्रीनवर पहिला काठ उमटला, की एकदा मागावर जाऊन विणताना पाहा. धोटा कुठून परत फिरवायचा हे विणकर कसं लक्षात ठेवतो, ते त्यालाच विचारा, आणि तुमच्या कोडची छापील प्रत त्याला दाखवा.